मागच्या सीटवरून कोण वाचत होतं?

खोटं वाटलं तर वाटू दे. पण मला भित्री म्हणायचं काम नाही.

मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. दिवसभर लोकांना सुया टोचते. नमुना तपासल्याशिवाय मी सख्ख्या बहिणीवरसुद्धा विश्वास ठेवत नाही.

ही गोष्ट मागच्या हिवाळ्यातली आहे. दुपारी साडेतीन-चारची वेळ. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांना एकदा त्या घाटात नेऊन सोडायला हवं.

आम्ही नवीन गाडी घेतली होती. नवीन म्हणजे आमच्यासाठी नवीन. चार दिवस डोंगरातली गावं फिरून यायचं ठरलं. मी, नवरा, सासूबाई आणि आमची नऊ वर्षांची लेक. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही.

मी प्रवासाची माहिती देणारं पुस्तक घ्यायचं म्हटलं, तर नवरा म्हणाला, "फोन आहे ना. पुस्तक कशाला?"

"डोंगरात रेंज गेली की फोन काय डोक्यावर ठेवायचा?"

मी पुस्तकांच्या दुकानात गेले.

प्रवासाचं पुस्तक पारखायची माझी एक पद्धत आहे. आधी आपल्या गावाचं पान उघडायचं. जे आपल्याला माहीत आहे तेच खोटं लिहिलं असेल, तर पुढचं काय खरं असणार?

पहिल्या पुस्तकात लिहिलं होतं, 'गावातला तलाव अतिशय रमणीय.' आमचा तलाव! नाक धरून जावं लागतं.

दुसऱ्यात एका हॉटेलचं कौतुक होतं. ते बंद पडून तिथे टायरचं दुकान झालंय.

तिसरं पुस्तक बारीक, फोटो नसलेलं. त्यात लिहिलं होतं, 'स्टँडवरच्या बायकांच्या शौचालयाला कडी नाही. सोबत कुणीतरी न्यावं.'

मी तिथेच हसले. हेच पुस्तक घेतलं.

आता नवऱ्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. तो शाळेची बस चालवतो. बसमध्ये मागच्या दाराशी एक मदतनीस बाई असते. मुलं तिला मावशी म्हणतात, म्हणून हाही मावशी म्हणतो. ती मागून ओरडते, "थांबा!" हा थांबतो. "दार उघडा!" हा बटण दाबतो. मूल उतरलं की ती पत्र्यावर दोन थापा मारते, "चला!" हा निघतो. मागे वळून बघत नाही. इतकी वर्षं हेच चाललंय. कान ऐकतात आणि हातपाय आपोआप चालतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही घाटाच्या पायथ्याशी पोचलो. नवरा म्हणाला, हायवेने जाऊ. मी म्हटलं, घाटातून जवळ आहे, उगीच वळसा कशाला?

घाट सुरू झाला... आणि धुकं उतरलं.

समोरचं काही दिसेना. फोनची रेंज गेलीच होती. मी पुस्तक उघडलं, पण वळणावर वाचायला गेले की मला मळमळतं. मी न वळताच पुस्तक मागे दिलं.

"भिंगरे, घाटाचं पान काढ आणि मोठ्याने वाच. बाबांना ऐकू गेलं पाहिजे."



मग मागून आवाज आला. स्वच्छ, सावकाश. तिला शाळेत वाचनाचं बक्षीस मिळालंय, तसाच.

"पुढे डाव्या हाताला खडी पडली आहे. गाडी उजवीकडून घ्या."

खडी होती.

"या वळणानंतर बंद पडलेला टँकर उभा आहे."

टँकरही होता. धुक्यातून एकदम समोर आला. माहीत नसतं तर आम्ही धडकलोच असतो.

नवरा खूश. "वा! पुस्तक आहे की काय आहे!"

"मग? निवडलं कुणी?" मी तोरा मिरवला.

जरा पुढे गेल्यावर मनात आलं... बंद पडलेला टँकर पुस्तकात कसा असेल?

पुस्तक तर कधीच छापलेलं. टँकर आजचा.

मी मागे वळणार तेवढ्यात सासूबाई माझ्या कानाशी हळूच म्हणाल्या, "अगं, जरा हळू वाच ना. पोर झोपलीय."

मी वळून बघितलं.

भिंगरी आजीच्या मांडीवर डोकं ठेवून गाढ झोपली होती. तोंड उघडं. पुस्तक मिटलेलं, सीटवर पडलेलं.

"आई... ही कधी झोपली?"

"घाट लागल्या लागल्या. का गं? तूच वाचतेयस ना?"



मी भिंगरीच्या ओठांकडे बघत होते. ओठ हलत नव्हते...

आणि आवाज आला.

"पुढे दगडी कट्टा येईल. तिथे थांबा."

आवाज माझ्या लेकीचाच होता. तिच्या पायांपलीकडून, रिकाम्या जागेतून येत होता.

नवऱ्याचं सगळं लक्ष रस्त्यावर. मला ओरडायचं होतं, पण दातखीळच बसली. सासूबाईंनी पोरीला घट्ट धरलं.

धुक्यात कट्टा दिसला.

"थांबा."

गाडी थांबली.



"दार उघडा."

खट्... चारही दारांची लॉकं उघडली.

भिंगरीच्या पायाकडचं दार हळूहळू बाहेर सरकलं. धुकं आत आलं. बाहेर कुणीही नव्हतं. पावलांचा आवाज नाही, वारा नाही. इंजिनसुद्धा ऐकू येईना.

"मुलीला उतरवा."

भिंगरी उठून बसली. डोळे मिटलेलेच. एक पाय बाहेर टाकला. सासूबाईंनी तिचा स्वेटर दोन्ही हातांनी पकडला.

"अगं, ओढतंय गं कोणीतरी! मला आवरत नाही!"

स्वेटर ताणला गेला. माझी भिंगरी दाराकडे सरकत होती. मी नवऱ्याकडे बघितलं. तो समोर बघत बसला होता, स्टिअरिंगवर हात, शांत. पुढचा हुकूम यायची वाट बघत.

मला कसं सुचलं देव जाणे. मी समोरच्या डॅशबोर्डवर दोन थापा मारल्या आणि होता नव्हता तेवढा जीव एकवटून ओरडले,

"चला!"

त्याचा पाय पडला. गाडीने उडी घेतली. उघडं दार कट्ट्याला घासलं आणि धाडकन बंद झालं. भिंगरी आजीच्या अंगावर आपटली आणि रडायला लागली.

त्या रडण्याने माझा जीव भांड्यात पडला. ती जागी होती. ती आमची होती.

घाट उतरल्यावर पेट्रोल पंप आला. तिथे चार माणसं दिसली तेव्हा मी नवऱ्याची कॉलर धरली.

"दार का उघडलंत? का उघडलंत दार?"

"अगं, मावशीने सांगितलं ना..."

"कुठली मावशी? आपण बसमध्ये आहोत का?"

त्याने मागच्या सीटकडे बघितलं. मग माझ्याकडे.  मोठा माणूस पंपावर सगळ्यांदेखत खाली बसला.

मला भिंगरीचा आवाज आला, सासूबाईंना माझा, आणि कट्ट्यापाशी त्याला मावशीचा. ज्याचा जिच्यावर विश्वास, तिचा.

भिंगरी म्हणाली, "मी काहीच वाचलं नाही. मला झोप आली होती."

मी पुस्तक उघडलं. घाटाच्या पानावर दोनच ओळी होत्या. 'रस्ता अरुंद आहे. धुकं असेल तर या घाटाने जाऊ नये.'

खडी नाही, टँकर नाही, कट्टाही नाही. पुस्तक बिचारं खरंच सांगत होतं. आम्ही त्याचं ऐकलंच नव्हतं.

परत येताना हायवेने आलो. घरी त्याबद्दल कुणी बोलत नाही. नवरा हल्ली बस चालवताना प्रत्येक थांब्यावर मागे वळून बघतो, मावशी वैतागते.

एवढ्यावर संपलं असतं तर मी सांगत बसले नसते.

काल दुपारी मी घरी एकटीच होते. दारावर थाप पडली.

"आई, दार उघड ना."

भिंगरीचा आवाज. पण शाळा सुटायला अजून वेळ होता...

"कोण आहे?"

"मी आहे! उघड ना लवकर!"

आमच्या खिडकीतून दार दिसत नाही. माझा हात लॅचवर होता. पण तो फिरवायचा धीर होईना. बाहेर ती पुन्हा पुन्हा हाका मारत होती. मग रडायला लागली. मी दाराला पाठ लावून खाली बसले आणि कान दाबून घेतले.

मग बाहेर सगळं शांत झालं.

बऱ्याच वेळाने सासूबाईंची हाक आली. त्यांच्याजवळ लॅचची स्वतःची किल्ली असते. त्यांनी दार उघडलं. भिंगरी पायरीवर बसली होती, डोळे सुजलेले. शाळा लवकर सुटली होती.

संध्याकाळभर ती माझ्याशी बोलली नाही. झोपायच्या वेळी हळूच विचारलं, "आई, तुला माझा आवाज ओळखू येत नाही का?"

"येतो गं बाळा," म्हटलं आणि तिला जवळ घेतलं.

त्या घाटातही मी तो लगेच ओळखला होता. हे मात्र तिला सांगायची माझी हिंमत झाली नाही.