कोरे निघालेले चौदा कागद

धूर मोजायच्या यंत्रातले कागद कोरे आहेत हे कळलं, त्याच दिवशी दुपारच्या बसने मिनोरी विद्यापीठातून डोंगरात आली. तात्सुओ कोळशाच्या भट्टीपाशी ओली ओकची लाकडं रचत होता. तिने चौदा पाकिटं त्याच्यापुढे ओंडक्यावर मांडली आणि विचारलं, तुमच्या भट्टीतून धूर निघतो की नाही?

निघतो, तो म्हणाला.

"मग मी अहवालात काय लिहू? भट्टीशेजारी हवा अगदी स्वच्छ, आणि खाली खोऱ्यात शाळेच्या छपरावरचा कागद काळा?"

तात्सुओने मान खाली घातली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तिने ठेवलेल्या यंत्रातला कागद रोज सकाळी तपकिरी निघायचा. असला मळका कागद विद्यापीठातल्या बाईंच्या हातात कसा द्यायचा? दुसऱ्याचं भांडं धुऊनच परत करतात. म्हणून तो कोरा कागद पाकिटात भरायचा आणि मळका भट्टीत टाकायचा.

मिनोरीला रागवायचं होतं. पण हसू आलं, आणि त्यामुळे राग जास्तच आला. दोन आठवड्यांचं काम राखेत गेलं होतं आणि हिवाळा संपत आला होता. पुढची भट्टी लागेल तेव्हा मी स्वतः इथे राहणार, ती म्हणाली, आणि तुम्ही कागदाला हात लावायचा नाही.

"बरं," तात्सुओ म्हणाला. शिक्षा मिळाल्यावर इतका खूश झालेला माणूस तिने पाहिला नव्हता.

भट्टी त्याच्या बायकोच्या, सायोच्या घराण्याची. तात्सुओ घरजावई म्हणून आला, सासऱ्यांकडून काम शिकला. सायोला जाऊन चार वर्षं झाली होती. आता घरात तो आणि सासूबाई, एवढेच.

भट्टी लागली. मिनोरी गावातल्या एका खोलीत राहायची आणि उजाडताच वर यायची. तात्सुओने तिला धुराचा वास ओळखायला शिकवलं. आधी डोळ्यांना झोंबणारा, मग आंबटसर, मग नुकत्याच ओढलेल्या आगकाडीसारखा. ती धुराड्यापाशी डोळे मिटून उभी राहायची, आणि तो... तो धुराकडे बघत नसे.

धुराड्याला बांबूची लांब नळी लावलेली होती. धूर तिच्यात निवला की तपकिरी पाणी ठिबकायचं. ते कीड लागू नये म्हणून शेतात फवारत. तुमचं शास्त्र हेच ना, त्याने एकदा विचारलं.

"अर्धं. उरलेलं अर्धं नळीबाहेर घडतं."

लाकडाचा वास ज्यामुळे येतो ती द्रव्यं वायू होऊन निघतात, तिने सांगितलं. दिसत नाहीत. मग उन्हात, धुक्याच्या थेंबात ती बदलतात, जड होतात. इतकी जड झाली की वायू म्हणून राहता येत नाही. एकमेकांना धरून बारीक कण होतात. म्हणून सकाळी धूर विरळ दिसला, तरी दुपारी खोऱ्यावर धुरकट पडदा येतो.

तात्सुओ खाली खोऱ्याकडे बघत राहिला. "म्हणजे इथे असताना दिसत नाही, आणि लांब गेल्यावर दिसतं."

"हो."

"मग तुम्ही गेलात की मलाही दिसेल."

"काय?"

"तेच..." तो लाकडं सारखी करू लागला. ती आधीच सारखी होती.

"मी असताना सांगायला काय हरकत आहे?" मिनोरी म्हणाली.

तेव्हा त्याने सांगितलं. तुम्ही जाऊ नये असं वाटतं. पण हे घर सायोचं आहे, भट्टी सायोची आहे, आणि तिच्या आईला या वयात एकटं टाकून मी कुठे जाणार नाही.

"तुम्हाला इथून चला कोण म्हणतंय? पुढच्या हिवाळ्यात मला इथेच काम आहे, त्यापुढेही असेल. माझं ठरलंय. मला थांब म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

लाल कोळसा बाहेर ओढून राखेखाली झाकला, तेव्हा तिच्याकडे बारा तपकिरी कागद होते. बसथांब्यापर्यंत पेटी त्याने उचलली. बस दिसली तेव्हा त्याचं बोलणं सुरू झालं, आणि दार उघडेपर्यंत संपलंही. थांबा, तो म्हणाला. म्हणजे आज नाही — आज जा. पण परत याल तेव्हा राहायलाच या.

"येईन," ती म्हणाली. ड्रायव्हर वाट बघत होता. तिने सावकाश तात्सुओच्या कपाळावरची काजळी पुसली आणि मग चढली.

संध्याकाळी त्याने सासूबाईंना सांगितलं. त्या मुळा चिरत होत्या. चिरणं थांबलं नाही.

"मला काय सांगतोस? बारा दिवस रोज दोन डबे मीच भरले ना? येऊ दे तिला. घर रिकामंच आहे," त्या म्हणाल्या. "पण सायोला तू सांग. तिला मागून कळलेलं कधी आवडायचं नाही."

ती गेल्याला आज नववा दिवस. मिनोरीचं पत्र आलं आहे, सासूबाईंनी वरची खोली झाडून ठेवली आहे. तात्सुओ रोज सकाळी सायोच्या तसबिरीपुढे ताजा भात ठेवतो, हात जोडतो आणि उठतो.

तिला त्याने अजून सांगितलेलं नाही.