पेशीतली उणीव

"हात लावू नको तेका! दोन खाल्लंस, तां पुरे नाय झालां?"

सासूने, अंजनाबाईंनी, बाळ छातीशी ओढलं आणि शेवंतीचे पुढे झालेले हात रिकामेच राहिले... घाटकोपरच्या याच घरात ती एके काळी सून होती! दोन मुलगे झाले. दोघेही कपाळाने मोठे, अंगाने मेणासारखे मऊ, अंगावरचं दूध ओढायचीही ताकद नाही. तीन महिन्यांच्या आत दोघेही गेले. पांढऱ्या पायाची ठरलेल्या शेवंतीने मुकाट्याने फारकतीवर सही केली, आणि नवऱ्याचा, मार्तंडचा, वंश चालावा म्हणून पाठची बहीण मीरा आपल्या हातांनी या घरात दिली! आणि आज, १९७५ साली, मीराचं बाळही तसंच निपचित पडल्याचं कळताच ती धावत आली होती...

"आई, वहिनीला बोलू नकोस!" धाकटा दीर नंदकुमार इस्पितळातल्या आपल्या प्रयोगशाळेतून थेट आला होता. "मी डॉक्टरांना भेटून आलोय. पेशींमध्ये बारीक पिशव्या असतात, पेरॉक्सिसोम म्हणतात. विष मारतात, चरबी जाळतात. अशा बाळांच्या यकृतात त्या सापडतच नाहीत, असं दोन वर्षांपूर्वी कळलंय."

"येतात कुठून रे त्या?" शेवंतीने विचारलं.

"पेशीतल्याच पापुद्र्यांतून फुटतात म्हणे, नक्की अजून कुणालाच ठाऊक नाही. पण हा दोष आई आणि बाप, दोघांकडून आला तरच बाळाला होतो. दादा, तुझ्याकडूनही आलाय. आणि वहिनीत होता, तोच तिच्या सख्ख्या बहिणीतही निघाला."

मार्तंडने हात जोडले. "शेवंती... मला माफ कर गं!"

"अकरा वर्षं तुमच्या वाट्याचं पापही मीच वाहिलं!" ती तडकली. "माफी नको मला. माझ्या बहिणीला तरी पांढऱ्या पायाची म्हणू नका!"

अंजनाबाईंनी बाळ शेवंतीच्या मांडीवर ठेवलं.

नऊ दिवस ती कापसाच्या बोळ्याने त्याच्या ओठांत दूध पिळत राहिली... दहाव्या दिवशी ते गेलं.

"ताई, माझंच नशीब..." मीराने हंबरडा फोडला. शेवंतीने तिच्या तोंडावर हात ठेवला.

सुतक फिटल्यावर ती मानखुर्दला, भावाकडे, परत निघाली. अंजनाबाई दारात आडव्या आल्या. "रव गो पोरी... ह्यां घर तुझांच!"

"आई, हे अकरा वर्षांपूर्वी म्हणायचं होतं."

ती पायऱ्या उतरली. मागून पावलं वाजली. पाहते तो मीरा, हातात कपड्यांची पिशवी घेऊन... शेवंतीने तिला परत जा म्हटलं नाही.