भाजीपाल्यात जमा झालेली टेकडी

"माफ करा... पण तुमच्या ॲपच्या मते मी एक अख्खी टेकडी खाल्ली आहे."

मी मान वर केली. टेबलापलीकडे एक उंच माणूस उभा होता. केसांत धूळ, बुटांना लाल माती, आणि चेहरा इतका गंभीर की हसावं की खुर्ची द्यावी, मला कळेना.

"टेकडी?"

"जैतूनाची. रोपांसकट." त्यानं फोन माझ्यापुढे धरला. "बघा ना. भाजीपाला, भाजीपाला, पुन्हा भाजीपाला..."

अम्मानमधल्या आमच्या छोट्याशा कंपनीचं ॲप घरोघरचा जमाखर्च लावून देतं. बँकेतून पैसे गेले की ते आपलं आपणच ठरवतं: हा किराणा, ही शाळेची फी, ही गुंतवणूक. त्याचं चुकलं की निस्तरायचं माझं काम. लोक फोनवर चिडतात, मेल लिहून चिडतात. असं समोर येऊन मात्र आजवर कुणी उभं राहिलं नव्हतं.

मी नोंदी उघडल्या. "ऑलिव्हच्या रोपवाटिकेचं नाव 'हिरवी परडी' आहे. ॲपला वाटलं, भाजीवाला."

"आणि बांधाचे दगड?"

"घरदुरुस्तीत गेलेत."

"पाण्याची टाकी?"

"पाणीपट्टी..." माझा आवाज बारीक झाला.

"छान. म्हणजे टेकडी खाल्ली आणि वर पोटभर पाणीही प्यालो."

मला हसू आवरेना. तो हसला नाही, पण त्याचे डोळे हसले. आणि ते मला दिसलं, हे त्यालाही दिसलं... मी घाईघाईनं स्क्रीनकडे वळले.

त्याचं नाव कुतैबा. अजलूनच्या डोंगरात जनावरांचा डॉक्टर. खातं त्याचं आणि कुवेतमधल्या धाकट्या भावाचं, मुसन्नाचं. अर्धे पैसे भावाचे. आणि भाऊ रोज फोनवर बघत होता की त्याच्या घामाचे पैसे भाजीत चाललेत. आता एक माणूस टेकडीवर सुट्टीतली घरं बांधायला तयार झाला होता. मुसन्ना पुढच्या आठवड्यात येणार होता, टेकडी विकायला.

"खर्चातली नोंद गुंतवणुकीत हलवायची तर पुरावा लागतो," मी म्हटलं. "फोटो पाठवा."

"फोटोत रोपं गवतासारखी दिसतात. तुम्हीच या ना."

"मी? ग्राहकाच्या रानात?"

"आई असेल. जेवण असेल. आणि पुरावा पळून जाणार नाही, त्याला मुळं आहेत."

मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी एका अनोळखी नंबरावरून फोन आला.

"पोरी, मी उम्म कुतैबा, त्याची आई. माझा लेक गाढवांशी फार छान बोलतो, माणसांशी बोलायचं मलाच बघावं लागतं. शुक्रवारी ये. द्राक्षाची पानं भरून ठेवते."

असल्या बाईला नाही कोण म्हणणार? ऑफिसातल्या लमीसला मी सोबत घेतलं. गाडीत बसल्या बसल्या ती म्हणाली, "अरवा, पुरावा बघायला काजळ लागतं का गं?"

"गप बस."

"अत्तरसुद्धा लागतं वाटतं."

डोंगरात झिमझिम पाऊस होता. लमीस चुलीपाशी उम्म कुतैबाजवळ रमली. मी कुतैबामागून बांध चढू लागले. नवे दगडी बांध पायऱ्यांसारखे वर गेले होते. प्रत्येक बांधावर रोपं: काही गुडघ्याएवढी, काही खांद्याएवढी. तो चालता चालता एखाद्याचं पान उलटं करून बघायचा, मागची रुपेरी बाजू अंगठ्यानं पुसायचा, पुढे जायचा. इतक्या हलक्या हातानं, की मी रोपांपेक्षा त्या हाताकडेच बघत होते.

"पुरावा खाली आहे," तो मागे न बघता म्हणाला.

मी लाल झाले. याला पाठीला डोळे होते की काय...

आणि मग वळणापलीकडे ते झाड आलं.

झाड म्हणायलाही जीभ अडखळली. ते खोड नव्हतंच. दगड वितळून वर वाहत जावा आणि मध्येच थिजावा, तसं काहीतरी होतं. आत पोकळी, एखाद्या खोलीएवढी. आणि एवढं म्हातारपण अंगावर घेऊन वर फांद्या जांभळ्या-काळ्या फळांनी लदबदलेल्या.

"किती जुनं?" मी कुजबुजले. मोठ्यानं बोलवेना.

"रोमन यायच्या आधीचं म्हणतात. खरं कुणाला ठाऊक? सगळी रोपं याच्याच फांद्यांची, रोपवाटिकेत वाढवून घेतलेली."

मी पोकळीत शिरले. पाऊस बाहेर राहिला. आत ओल्या लाकडाचा वास होता, आणि वरच्या एका भोकातून खाली उतरलेला उजेड. मी खोडाला तळहात टेकवला. किती लोक इथे असेच हात टेकवून उभे राहिले असतील... कुठल्या भाषेत बोलले असतील, कुणाची वाट बघितली असेल. ते सगळे गेले. झाड मात्र याही वर्षी फळलं होतं, जणू काही झालंच नाही. आमच्या ॲपमध्ये गुंतवणुकीची मुदत लिहायचा रकाना आहे. तीस वर्षांच्या पुढे तो जातच नाही. ते आठवलं आणि माझ्या डोळ्यांत उगाचच पाणी आलं.

कुतैबा दाराशी, म्हणजे त्या फटीशी उभा होता. मी खाली पाहिलं. त्यानं बूट बाहेर काढून ठेवले होते.

"सवय आहे," तो ओशाळला. "लहानपणापासून."

मीही वाकून माझे बूट काढले. मग आम्ही दोघं अनवाणी, गार मातीवर, खोडाला हात टेकवून उभे होतो.

परतल्यावर मी एकेक नोंद हलवली. रोपं, बांध, टाकी, सगळं गुंतवणुकीत. किती समाधान वाटलं!

दोन दिवसांनी संध्याकाळी त्याचा फोन आला. "अरवा... आता टेकडी बुडाली."

"काय?"

"मुसन्ना आलाय. फोन बघतोय. 'संपूर्ण तोटा' लिहिलंय. लाल अक्षरांत."

गुंतवणूक म्हटलं की ॲप आजची बाजारभावाची किंमत मागतं. मी तो रकाना रिकामा ठेवला होता, आणि ॲपनं रिकाम्याचं शून्य केलं होतं. एवढं साधं माझ्या लक्षात येऊ नये?

"तो उद्या गिऱ्हाईकाला बोलावतोय," कुतैबा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

सकाळीच मी अजलूनला पोचले. मुसन्ना ओसरीवर बसला होता. पांढरा शर्ट, चकचकीत बूट, थकलेला चेहरा.

"म्हणजे तूच ती ॲपवाली? आता पुन्हा आकडा बदलशील आणि मी खूश व्हायचं?"

"हो, मी बदलू शकते," मी म्हटलं. "मी जो घालीन तो दिसेल. भाजीपाला आमची चूक होती, तोटा माझी. पण खरी किंमत मला ठाऊक नाही, आणि ॲपलाही नाही. आमच्या चुकीवर टेकडी विकू नका. विकायचीच असेल तर वर जाऊन, बघून विका."

"मी जन्मलोय इथे. मला दाखवतेस टेकडी?"

"रोपं पाहिलीत?"

त्यानं आईकडे पाहिलं, ती शेंगा सोलत राहिली. मग तो उठला आणि त्याच चकचकीत बुटांनी बांध चढू लागला.

कुतैबा त्याच्यामागे निघाला, तशी आई म्हणाली, "बस खाली. एकट्याला जाऊ दे."

आम्ही वाट बघत बसलो. चहा गार झाला. मुसन्ना परतला तेव्हा शर्टाला माती होती आणि बोटं जांभळी. त्यानं हात गुडघ्यापाशी धरला.

"एवढंसं रोप आहे, यम्मा," तो म्हणाला. "एवढंसं. आणि त्याला फळ आलंय."

कुवेतमध्ये मोठमोठे पूल बांधणारा माणूस, आणि आवाज असा, जणू कुणी त्याच्या ओंजळीत चांदणी ठेवली होती.

"मी यापुढे पैसे घालणार नाही," तो कुतैबाला म्हणाला. "पण विकतही नाही. त्या माणसाला तूच फोन कर, मला लाज वाटते."

फळं उतरवायच्या दिवसांत उम्म कुतैबानं मला पुन्हा बोलावलं. लमीस या वेळी आलीच नाही. म्हणाली, मध्ये लुडबुड नको. घाण्यावर गर्दी होती, यंत्राची घरघर होती, आणि हवेत ओल्या गवताचा, कडूसर, कच्चा वास. मग नळीतून तेल आलं. हिरवं... इतकं हिरवं, गढूळ, जिवंत. सगळेजण पुढे वाकले. दर वर्षी बघणारे म्हातारेसुद्धा.

कुतैबा माझ्या शेजारी उभा होता. यंत्राच्या आवाजात वाकून म्हणाला, "एक विचारायचं होतं. आमचं खातं आता दुसऱ्या कुणाकडे द्यावं लागेल का?"

"का? माझं काम आवडलं नाही?"

"आवडलं. पण तुमच्याकडे नियम असेल ना... नातेवाइकाचं खातं आपण हाताळायचं नाही, असा?"

"आहे." मी तेलाकडेच बघत होते. "पण तुम्ही माझे नातेवाईक नाही."

"तेच म्हणतोय, अरवा." तो माझ्याकडे वळला. "तू... तू म्हणशील तर."

तू. आजवर कुणीच मला तू म्हटलं नसावं, असा तो शब्द कानात शिरला.

मी पावाचा तुकडा तेलात बुडवला आणि तोंडात घातला. उत्तर सुचेपर्यंत काहीतरी करायला हवं होतं. तेल घशाला झोंबलं, मला ठसका लागला, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. उम्म कुतैबा धावत आली.

"काय केलंस रे हिला? रडतेय का पोर?"

"नाही, मावशी," मी डोळे पुसत म्हटलं. "तेल तिखट आहे."

"ताजं आहे ना, म्हणून." तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा लेकाकडे. मग ओढणीच्या टोकानं हात पुसले.

मी कुतैबाकडे वळले.

"गुरुवारी ये," मी म्हटलं. "आईला घेऊन. बाबा घरी असतात."