जहाजाचा लाल पट्टा

जहाज येतं तेव्हा त्याच्या पोटावरचा लाल पट्टा पाण्याखाली असतो आणि परत जाताना तोच पट्टा उघडा दिसतो. असं का? उर्मीला हे कोडं काही केल्या सुटेना.

तिमोआ बेट नकाशावर शोधायचं तर भिंगच घ्यावं लागतं. उर्मीचे आबा तिथे समुद्राचा अभ्यास करत आणि दहा वर्षांची उर्मी मालवणहून सुट्टीला त्यांच्याकडे आली होती. शेजारच्या लेसीशी तिची गट्टी जमली. भाषा वेगळ्या, पण कानातला इवलासा दुभाष्या (बोलणं लगेच दुसऱ्या भाषेत सांगणारं यंत्र) ते काम बिनबोभाट करी.

आज मात्र लेसीचा चेहरा उतरला होता.

"पुढच्या महिन्यात जहाज शेवटचं येणार," ती म्हणाली. "आजीचं औषध त्यानेच येतं. म्हणून आम्हीही त्यातूनच बेट सोडून जाणार."

उर्मी आबांना घेऊन तडक धक्क्यावर गेली. जहाज स्वयंचलित (माणसांशिवाय चालणारं) होतं आणि तिथल्या फलकातून बोलायचं. "येताना माल, जाताना नुसतं नीरम," फलक म्हणाला. "दहा पेट्या माल मिळाला तरच फेरी चालू राहील."

"आबा, नीरम म्हणजे काय?"

"रिकामं जहाज डुलतं. म्हणून त्याच्या पोटात समुद्राचं पाणी भरतात, वजनासाठी. तरी ते मालाइतकं जड होत नाही, म्हणून तुझा लाल पट्टा वर येतो."

"म्हणजे इथून फक्त खारं पाणी जातं? इथले लोक काम करत नाहीत का?"

आबांना ते लागलं. "लेसीची आजी पहाटेपासून काथ्या वळते, पाहिलंस ना?"

उर्मी ओशाळली. आबांचा आवाज मऊ झाला. "लांबच्या वाडीवर जायचं तर रिक्षावाले काका काय म्हणतात?"

"परतीचंही भाडं पडेल! तिकडून सवारी मिळत नाही म्हणे."

"इथेही तेच. रिकाम्या परतीचा खर्च येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर चढतो, अगदी खिळ्यावरही. सगळंच महाग, म्हणून कारखाना निघत नाही. कारखाना नाही म्हणून पाठवायला माल कमी. आणि माल कमी म्हणून जहाज रिकामं."

उर्मीने वाळूत बोटाने गोल काढला. कुठूनही सुरुवात केली तरी बोट पुन्हा तिथेच येत होतं. तेवढ्यात लेसीही येऊन शेजारी बसली. तिला पाहून उर्मीला फार वाईट वाटलं.

"काथ्याला गिऱ्हाईक आहे," आबा म्हणाले. "किनारे धुपू नयेत म्हणून त्याच्या जाळ्या लागतात. पण तिमोआच्या भरतात एक-दोनच पेट्या. आसपासच्या सहा बेटांचीही तीच गत. प्रत्येकाने वेगवेगळं विचारलं आणि प्रत्येकाला नकार मिळाला."

"जाण्याआधी होड्यांची शर्यत तरी बघायला मिळेल," लेसी पुटपुटली. "सहाही बेटांच्या होड्या इथे येतात. जहाज येतं त्याच दिवशी."

"येताना काय आणतात?"

"काही नाही. शर्यतीच्या होड्या रिकाम्याच…" लेसी मध्येच थांबली. तिने वाळूतल्या गोलाकडे पाहिलं आणि आजीकडे धूम ठोकली.

आजीने रेडिओवरून सहाही बेटं गाठली आणि शर्यतीला येताना होडीत काथ्या भरून आणायला सांगितलं. नावाडी कुरकुरले. भरल्या होड्यांनी कधी शर्यत होते का?

"सगळ्यांची होडी सारखीच जड असेल, तर रडता कशाला?" आजीने दटावलं.

शर्यतीच्या दिवशी काथ्याने लादलेल्या होड्या वल्हवत नावाडी घामाघूम होऊन आले. शर्यतीत तिमोआची होडी शेवटची आली, पण कुणाचं तिकडे लक्षच नव्हतं. सगळे पेट्या मोजत होते. लेसीच्या घरची गाठोडी धक्क्यावर बांधून तयार होती आणि आजी एका गाठोड्यावर बसली होती.

"अकरा पेट्या," फलक बोलला. "पुढची फेरी एका महिन्याने."

आजी उठली. तिने गाठोडं उचललं आणि घरची वाट धरली.

जहाज निघालं. उर्मी डोळे ताणून बघत होती. "लेसी, पट्टा अर्धाच बुडालाय गं! आणि पुढच्या महिन्यात काय? शर्यत तर वर्षातून एकदाच असते."

लेसी खळखळून हसली. "कोण म्हणतं? आता दर महिन्याला शर्यत!"