वगळलेली वाक्ये

विश्वास ठेवा, अशी विनंती मी करणार नाही. जे घडले ते घडले. ज्याला शंका असेल त्याने यावे. मूळ फाइली माझ्याकडे आहेत.

भयकथेला रात्र लागते म्हणतात. ही रविवारची दुपार होती. बाहेर डोळे दिपवणारे ऊन होते. आणि जागा म्हणजे एका वाचा-उपचार केंद्राचा पहिला मजला... टेबले, खुर्च्या, फिनेलचा वास. इतकेच.

मी पदार्थविज्ञान शिकले आहे. यंत्रांची कंपने मोजणे हा माझा व्यवसाय. भुतांविषयी माझे मत थोडक्यात सांगायचे तर, मोजता आले तर बोला.

त्या दुपारी मोजता आले. अडचण तिथूनच सुरू झाली.

माझी ताई पोहणे शिकवायची. तलावाच्या या काठावरून ओरडली की त्या काठावरचे पोर दचकून पाण्यात पडे. मग तिला घशाचा कर्करोग झाला. स्वरयंत्र काढण्यावाचून गत्यंतर नव्हते.

शस्त्रक्रियेआधी ती या केंद्रात आली. काचेच्या ध्वनिरोधक बूथमध्ये बसून तिने शेकडो साधी वाक्ये वाचून ठेवली. अशा वाक्यांवरून संगणक माणसाच्या आवाजाची नक्कल तयार करतो. पुढे ताईने टॅबवर लिहायचे आणि टॅबने तिच्या आवाजात बोलायचे, अशी योजना होती.

ठरलेली वाक्ये संपल्यावर तिने स्वतःचे एक वाक्य जोडले. लेकीला रोज सकाळी मारायची हाक.

"चिमे, ऊठ गं, पाणी गार होतंय."

"बाकीची नक्कल चालेल," ती मला म्हणाली होती. "हाक मात्र माझीच पाहिजे."

शस्त्रक्रिया झाली. ताईचा आवाज गेला.

आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत केंद्राच्या मुख्य संगणकाची डिस्क गेली.

"घाबरू नका, बॅकअप आहे," थेरपिस्टबाईंनी फोनवर सांगितले. त्यांच्या तंत्रज्ञाने मात्र दोन दिवस झटापट करून हात टेकले होते. म्हणून मी गेले. ताईही आली. तिच्या आवाजाचा प्रश्न होता. ती घरी थोडीच बसणार.

बॅकअप रोज होत होता, हे खरे. रोज पडद्यावर हिरवी खूण उमटे आणि बाई ती पाहून निर्धास्त होत. पण जपून ठेवलेल्यातली एखादी फाइल कधी परत काढून पाहावी, हे कोणाला सुचले नव्हते.

"हिरवं आलं की झालं, असंच सांगितलं होतं हो मला," बाई कासावीस होऊन म्हणाल्या.

मी दात आवळून गप्प राहिले. ताईने पांढऱ्या पाटीवर लिहून माझ्यापुढे धरले, 'मुकी मी झालेय. तू का गप्प? ओरड की!'

मी फाइली परत आणायला सुरुवात केली. बहुतेक वाक्ये आली. मध्येमध्ये खड्डे होते.

हाक आलीच नाही.

गहाळ फाइलींपुढे सगळीकडे एकच शेरा होता. 'फाइल वापरात आहे. वगळली.' एखादी फाइल दुसरीकडे उघडी असेल तर हा प्रोग्रॅम ती मुकाट्याने गाळतो आणि तरीही हिरवी खूण देतो. इथवर भूत नाही. इथवर नुसता गलथानपणा आहे.

पण वापरात कोणाच्या?

तेही लिहिलेले होते... बूथमधल्या संगणकाच्या.

"शक्यच नाही," बाई म्हणाल्या. "तो मी जाताना बंद करते. प्लगसुद्धा काढून ठेवते. आमच्या साहेबांना विजेची फार भीती."

मी आत जाऊन पाहिले. प्लग काढलेला होता. त्यावर धूळ होती. त्या संगणकाची डिस्कही मी उघडून तपासली.

कोरी.

मी बाहेर आले आणि बूथचे जाड दार लावून घेतले. ताई माझ्या शेजारी बसून संत्रे सोलत होती.

आता एक तांत्रिक गोष्ट सांगणे भाग आहे. बूथमधल्या मायक्रोफोनची वायर बाहेरच्या टेबलाशी येते. टेबलावर छोट्या दिव्यांची एक पट्टी आहे. आत कोणी बोलले की दिवे चढतात. गप्प राहिले की विझतात.

आत कोणी नव्हते.

दिवे चढले...

विझले...

पुन्हा चढले.

मी स्पीकर चालू केला.

"जिना उतरताना दिवा लावून उतर."

ताईचा आवाज होता. माझी ताई, तोंडात संत्र्याची फोड, माझ्या शेजारी बसलेली होती.

फोड तिच्या तोंडातच राहिली.

मी उठून दार उघडले. शांतता. मायक्रोफोनवर टिचकी मारली. बाहेर दिवे हलल्याचे बाईंनी खुणेने सांगितले. म्हणजे यंत्र ठीक होते. मी बाहेर आले, दार लावले.

"छत्री कोणाची राहिलीय बघा."

मी पडद्याकडे पाहिले. दोन्ही वाक्ये गहाळ फाइलींतली होती. दिवा, मग छत्री. त्याच क्रमाने.

बाईंनी पर्स उचलली. "मॅडम, चला हो. नकोच ते. आपण दुसरं काहीतरी बघू. मी साहेबांशी बोलते."

"बाई, तुम्हाला भास होईल, मला होईल," मी म्हणाले. "मायक्रोफोनला भास होत नाहीत."

 

ताईने पाटी पुसली. बोटावरच्या रसासकट लिहिले, 'चोरीचा माल आहे. रेकॉर्ड कर.'

आणि खाली, दोन रेघा ओढून, 'सगळा.'

मी बटण दाबले.

एकेक वाक्य येत गेले. सपाट, स्वच्छ, घाई नसलेले. मी प्रत्येकाची फाइल करत होते. बाई दाराशी उभ्या होत्या. जातही नव्हत्या, थांबतही नव्हत्या. खड्डे बुजत आले.

मग दिवे विझले.

आम्ही थांबलो...

काहीच नाही.

हाक तेवढी राहिली होती.

ताईने काचेवर थाप मारली. मग दोन टाळ्या वाजवल्या. तिच्या टाळ्या मला ठाऊक आहेत. भित्रे पोर काठ सोडत नसले की ती असेच करायची.

दिवे हलले नाहीत.

ताई उठली. मी दंड धरला.

"ताई, नको. वेडेपणा करू नकोस. बाकी सगळं आलंय."

तिने माझा हात सोडवला आणि मला जे काही सुनावले, ते ओठांवरूनही स्पष्ट वाचता आले. इथे लिहिण्याजोगे नाही.

ती बूथमध्ये गेली. आतून दार ओढून घेतले. आपल्या त्या जुन्या खुर्चीत बसली, मायक्रोफोनसमोर. काचेतून मला तिचा चेहरा दिसत होता. ओठ घट्ट मिटलेले. हनुवटी वर. तिने तळहात पुढे केला, उसने दिलेले परत मागावे तसा.

एक दिवा लागला...

दुसरा...

"चिमे, ऊठ गं, पाणी गार होतंय."

ताईचे ओठ हलले नव्हते. मी पापणी लवू दिली नव्हती. हे मी कोणत्याही न्यायालयात सांगेन.

तिने पाटी काचेला लावली. 'आलं?'

मी मान हलवली. ती बाहेर आली, आणि येता येता रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर चापट मारून आली.

नंतर मी बरेच तर्क लढवले. मायक्रोफोनने बाहेरचे रेडिओतरंग पकडले असतील? वाक्ये त्याच क्रमाने? जुने ध्वनिमुद्रण कुठूनतरी वाजत होते? कोणत्या यंत्रावर? थेरपिस्टबाईंनी केंद्राची नोकरी सोडली. मी तर्क सोडलेले नाहीत.

ताईचा टॅब आता बोलतो. मुख्यतः माझ्यावर ओरडतो. चिमीला सकाळी हाक ऐकू येते. पहिल्या दिवशी ती उठली, टॅब छातीशी धरून पुन्हा झोपली, आणि ताईने तिला शाळा बुडवू दिली.

एक गोष्ट मात्र मी महिनाभर ताईला सांगितली नव्हती.

जुन्या, बॅकअपमधून सरळ परत आलेल्या फाइलींत प्रत्येक वाक्याआधी श्वास घेतल्याचा आवाज आहे. बारीक, पण आहे. माणूस बोलतो म्हणजे आधी श्वास घेतो.

त्या दुपारी मिळालेल्या फाइलींत तो नाही. एकाही फाइलीत नाही. मी आवाज वाढवून, वाढवून पाहिले. वाक्याआधी जे आहे ते निव्वळ शून्य आहे... बंद खोलीतही इतके शून्य नसते.

शेवटी सांगितले. ताईने टॅबवर टाइप केले. तिच्याच आवाजात, तिच्याच तोऱ्यात उत्तर आले.

"मग? श्वास माझा मी घेते. शब्द माझे होते, ते मी परत आणले. आवाज ज्याचा असेल त्याने यावं न्यायला. बघते मी."

मी हसले. तीही हसली, आवाजाविना.

शस्त्रक्रियेनंतर ती गळ्यापाशी केलेल्या छिद्रातून श्वास घेते. टॅब बोलू लागला की मी हल्ली तिच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. त्या छिद्रावरची पातळ जाळी आतबाहेर होते आहे ना, ते पाहते.

होते आहे, तोवर बोलणारी तीच आहे. असे मी धरून चालले आहे. सिद्ध करता आलेले नाही.