नववा दिवस

"अहो, उलटा धरलाय तुम्ही."

बसमध्ये शेजारी बसलेल्या माणसाचं हे पहिलं वाक्य. माझ्या मांडीवर बाबांच्या कॉम्प्युटरचा डबा होता. बाहेर भुरभुर होती, म्हणून मी तो जुन्या टॉवेलात गुंडाळला होता. खालून फक्त चार रबरी पाय दिसत होते – म्हणजे वरून दिसत होते, हेच त्याचं म्हणणं.

"चालेल," मी म्हटलं. "मोडायलाच नेतेय."

"काय गुन्हा केला त्याने?"

"काही फाइली आहेत. निघत नाहीत."

"एवढ्याशासाठी फाशी?" तो खरोखरच दुखावल्यासारखा दिसला. मग त्याने खिशाला लावलेला पेचकस दाखवला, पेन दाखवावं तसा. "दोन थांब्यांवर माझं दुकान आहे. एकदा बघू द्या. नंतर हवं तर आपण दोघं मिळून मोडू."

दोन महिन्यांत मला हसू आलं नव्हतं. तेव्हाही आलं नाही, पण आसपास कुठेतरी फिरकून गेलं.

दुकान अरुंद होतं. एका वाडग्यात स्क्रू, भिंतीला उघडे डबे, वरती खरखरणारा पंखा. त्याने मशीन जोडलं. सकाळी आठला बाबांचा प्रोग्रॅम चालू होतो. त्याने तो हाताने चालू करताच बाबांचा आवाज दुकानभर झाला.

"अगं, आठ वाजले. आज नववा दिवस. डावा डोळा. मान मागे... एकच थेंब, दोन नाही. आता पाच मिनिटं पडून राहा. पाण्याचं मी बघतो."

मी वायरकडे हात नेला. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि आवाज स्वतःच बारीक केला.

"वडील?"

"हो."

मग मी थोडक्यात सांगितलं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. तीस दिवस रोज सकाळी आठला औषधाचा थेंब. बाबा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात ऑपरेटर, आठला त्यांची पाळी. म्हणून त्यांनी तीस दिवसांचे तीस निरोप आपल्या आवाजात भरून ठेवले. आठव्या दिवशी संध्याकाळी ते पंपघरातच गेले. छातीत कळ... एवढंच. दुसऱ्या दिवशी आठला घरात त्यांचा आवाज आला. मी धावत जाऊन वायर ओढली. थेंब पुढे मीच घातले, ते कधीच संपले. पण आई रोज पावणेआठला मशीन लावते, खुर्चीत मान मागे टाकून डोळे मिटते. मी रोज वायर ओढते. फाइली काढायला जावं तर एकच उत्तर – फाइल वापरात आहे, काढता येणार नाही.

"आई दिवसभर मग त्याच खुर्चीत बसून राहते," मी म्हटलं. "मला तिला तिथून उठवायचंय. बस."

तो बराच वेळ पडद्यात डोकं घालून बसला. एकदा हसला, एकदा मान हलवली.

"हे भारी आहे हो. फाइली धरून ठेवणारा एक प्रोग्रॅम आहे. तो बंद केला की लगेच दुसरा जागा होतो आणि पहिल्याला उठवतो. दुसऱ्याला मारलं, तर पहिला त्याला उठवतो. असं कुणी शिकवलं तुमच्या वडिलांना?"

"पंपांनी," मी म्हटलं. "तिथे दोन पंप असतात. एक बंद पडला की दुसरा आपोआप चालू. गावाचं पाणी थांबता कामा नये. आई दिसेल ते बटण दाबते, म्हणून..."

"म्हणून आईंना गावासारखं सांभाळलं."

मी छताकडे बघितलं. पंखा खरखरत होता.

"दोन रस्ते आहेत," तो म्हणाला. "एक, जोर लावायचा. मशीन वेगळ्या पद्धतीने सुरू करून दोन्ही पहारेकरी एकदम बंद. दहा मिनिटं. दुसरा... तुम्ही रोज वायर ओढता ना? दिवस पार पडल्याची नोंद हा प्रोग्रॅम मशीन नीट बंद केल्यावरच करतो. ती कधी झालीच नाही. म्हणून तुमच्याकडे दोन महिने रोज नववाच दिवस उजाडतोय."

आईला त्या खुर्चीत मीच अडकवून ठेवलं होतं.

"दिवस पुढे जाऊ दिले, तर तिसाव्या दिवशी हा आपणहून सगळं मोकळं करील, तसं लिहिलंय त्यांनी. बावीस सकाळी. वायर ओढायची नाही. पूर्ण ऐकायचं, नीट बंद करायचं, मग मला फोन करायचा."

"फोन कशाला?"

"तुमचा भरवसा नाही. उलटे डबे नेणारी माणसं तुम्ही."

काहीही करण्याआधी त्याने सगळ्या फाइलींची एक प्रत काढून ठेवली. हा त्याचा नियम होता. पुसायला सांगणाऱ्या माणसाचं तो पहिल्या दिवशी कधीच ऐकत नसे.

पहिल्या सकाळी मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले. आवाज संपला, आईने डोळे उघडले, मी मशीन बंद केलं आणि फोन लावला.

"ओढली?"

"नाही."

"शाबास. चहा झाला?"

"फोन मशीनसाठी होता ना?"

"मशीन चहा पीत नाही, म्हणून तुम्हाला विचारलं."

दुसऱ्या दिवशी आईने चमकून माझ्याकडे पाहिलं, कारण बाबा म्हणाले, "आज दहावा दिवस. डोळा चोळू नकोस, मला पंपावरून दिसतं." आई म्हणाली, "काही दिसत नाही त्यांना, चष्मा घरीच विसरतात." दोन महिन्यांत तिचं हे पहिलं लांब वाक्य.

मग रोज एक नवा निरोप. आई आधीच खुर्ची ओढून बसू लागली, संपल्यावर उठू लागली. तेराव्या दिवशी तिने विचारलं, "तो पेचकसवाला जेवतो की नाही वेळेवर? फोनवर कायम काहीतरी चघळत असतो." चौदाव्या दिवशी तो मशीन बघायच्या निमित्ताने आला. आईने त्याच्यापुढे ताट ठेवलं आणि तो जेवत असताना बंद पडलेला मिक्सर शेजारी आणून ठेवला. "आधी जेव, मग बघ," ती म्हणाली. त्याने डाव्या हाताने झाकण उघडलंच. आई मला म्हणाली, "हा तुझ्या बापाच्याच जातकुळीतला दिसतो."

तो मान खाली घालून हसला. कान लाल झाले होते. मी बघत नव्हते... असं मी स्वतःला सांगत होते.

सतराव्या दिवशी बाबा म्हणाले, "आज थेंब झाला की पोरीला काहीतरी वाचून दाखवायला सांग. वाचताना ती मधेच थांबते, तेव्हा ओरडू नकोस. तिला चूक सापडलेली असते."

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. वाचताना थांबायची माझी सवय घरात कुणी ओळखली असेल, असं मला वाटलं नव्हतं.

मशीन बंद केलं. फोन लावला. बोलता येईना.

"ओढली?" त्याने विचारलं. मग काही क्षणांनी, "बरं. बोलू नका. मी आहे लाइनवर."

तो खरंच होता. पलीकडे वाडग्यात स्क्रू पडल्याचे आवाज येत होते, मधेच पंखा, गिऱ्हाइकाला हलक्या आवाजात "थांबा जरा". त्याने मला धीर धरायला सांगितलं नाही. एक तास सात मिनिटं त्याने फोन ठेवला नाही. मी नंतर पाहिलं.

शेवटी मी बाबांचे शब्द त्याला सांगितले. "झालं," मी म्हटलं.

"उद्या आठला?"

"आठला. आणि... तू वेळेवर जेवत जा."

पलीकडे एक स्क्रू जमिनीवर पडला.

तिसाव्या दिवशी तो पावणेआठलाच आला, केस विंचरून. आई खुर्चीत बसली, पण डोळे मिटले नाहीत.

"अगं, तीस झाले. थेंब संपले. आता हे सगळं काढून टाक, मशीन अडवणार नाही. महिनाभर मीच बोलतोय, तुझं काही ऐकलंच नाही. उद्या आठला पंपावर फोन कर. तू बोल, मी ऐकतो."

आई पडद्याजवळ सरकली.

"डोळा बरा आहे," ती म्हणाली. "शिवणाची सुई ओवता येते. पोरगी नीट सांभाळते, जरा हट्टी आहे. चष्मा कपाटात ठेवलाय." थोडं थांबून म्हणाली, "एवढंच होतं."

मग तिने माझा हात धरून माउसवर ठेवला आणि त्यावर आपला. फाइली काढायच्या का, मशीनने विचारलं. आम्ही दाबलं. एकही अडली नाही. आई उठली, खुर्ची भिंतीला लावली आणि आतल्या खोलीत गेली. तिला रडायचं होतं, आणि ते तिचं तिला करू द्यायला मी आता शिकले होते.

पहिल्या दिवशी काढलेली फाइलींची प्रत त्याने माझ्या हातावर ठेवली. मी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेले. तो दोन पायऱ्या उतरला आणि थांबला.

"एक सांगायचंय. रागावशील." तो कठड्याकडे बघत होता. "त्या फाइलींत 'दिवस' नावाची एक छोटी फाइल होती. आत फक्त एक आकडा. तो बदलून तीस केला असता, तर पहिल्याच दुपारी हे संपलं असतं. दोन मिनिटांचं काम. मी बोललो नाही. आधी आईंसाठी... इतके दिवस एका दुपारी संपवायला माझा हात होईना. आणि सतराव्या दिवसापासून माझ्यासाठी."

"मला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"ती फाइल. मी उघडली होती. तपासायची सवय. आकडा खोडून तीस लिहिला, मग पुन्हा बारा केला."

त्याने मान वर केली. "बारा? म्हणजे बाराव्या दिवशी?"

"हो."

"म्हणजे माझ्या आधीचे पाच दिवस तू एकटीच..."

"एकटीच."

"सांगायचं ना!"

"सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून तुला फोन करायला मला निमित्त राहिलं नसतं."

तो दोन पायऱ्या परत वर आला. आता आम्ही एकाच पायरीवर होतो. त्याच्या बोटांना मशीनची धूळ होती, मी ती तशीच हातात घेतली. त्याचे आभार कसे मानायचे, याचं वाक्य मी कितीतरी दिवस मनात जुळवत होते. ते आता पूर्ण तयार होतं, आणि मधेच मी थांबले.

"चूक सापडली?" त्याने हळूच विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "एकही नाही."