सातव्या मैलावरची डहाळी

ही गोष्ट खरी आहे. रात्रीची नाही... भर दुपारची.

साल चोपन्न, वैशाखातली एकादशी. वडसा-कुरखेडा रस्ता. लटारूभाऊंनी ती जन्मात दोनदाच सांगितली, आणि दोन्ही वेळा आधी गळ्यातली तुळशीची माळ मुठीत धरली. माळकरी माणूस माळ धरून खोटं बोलत नाही.

लटारूभाऊ देवीची लस टोचायचे. लोक त्यांना देवी डॉक्टर म्हणत. लस आगगाडीने वडशाला यायची, थर्मासात, बर्फात ठेवून. बर्फ विरघळायच्या आत ती लेकरांच्या दंडावर पोचली तर लस, नाहीतर नुसतं पाणी.

हिंडायला मिळाली होती लढाईतली जुनी मोटारसायकल. बाजारापर्यंत गुमान चालायची. लांब निघाली की दहा-अकरा मैलांवर तिला धाप लागायची...

आणि बंद.

तासभर उभी ठेवली की पुन्हा सुरू, जसं काही झालंच नाही. तोवर उन्हाने बर्फ जायचा.

मोहटोल्याची लस अशी दोनदा वाया गेली. तिथे देवी आल्या होत्या. चार लेकरं अंथरुणावर पडली होती, एकोणीस अजून धडधाकट होती. त्या एकोणिसांसाठी भाऊंचा जीव तुटत होता. पाठ मोडली होती, डोळ्यांना नीज नव्हती. नामस्मरण करतानाही ओठ थकायचे.

वडशाच्या इनायत मिस्त्रीने गाडी दोन दिवस उघडून ठेवली. प्लग पाहिला, कार्बोरेटर धुतला. टाकीत हवा जावी म्हणून झाकणाला बारीक भोक असतं, तेही सुईने साफ केलं. दुकानात गाडी एकदम शहाणी.

इनायत हसला. "दुकानात लई गरीब बनते हे, लटारूभाऊ. मी मागं बसून येतो. जिथी मरते, तिथीच हिची नाडी पाहीन."

तिसऱ्यांदा लस आली. थर्मास गळ्यात अडकवून भाऊ निघाले. मागे इनायत, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन.

सातव्या मैलावर, वळणाशी, डहाळ्यांचा ढीग होता.

त्या मुलखात वाघाने माणूस मारला, की त्या जागी येणारा-जाणारा एक डहाळी टाकतो. गाडीवान बैल थांबवतो. बाई डोक्यावरचा भारा उतरवते. कोणी चुकत नाही.

हा ढीग पोचूचा. पोचू मोहटोल्याचाच. दोन वर्षांपूर्वी त्याच्या लेकराला देवी आल्या, तेव्हा तो देवी डॉक्टरला बोलवायला वडशाला पायी निघाला होता. इथवरच पोचला.

इनायतने भाऊंच्या खांद्यावर थाप मारली. थांबा म्हणून.

भाऊ थांबले नाहीत. बर्फ जाईल, येताना टाकू, म्हणाले. दोन वर्षं ते असंच म्हणत होते.

इनायत मागे वळून ढिगाकडे पाहत राहिला.

अकराव्या मैलावर गाडीला धाप लागली...

आणि बंद.

इंजिन थांबलं, आणि ध्यानात आलं... किडे बोलत नव्हते. पाखरू नाही. वारा नाही. सागाच्या वाळक्या पानांनी भरलेलं रान, आणि त्यात मुंगीचाही आवाज नाही.

मग मागून...

चर्र.

चर्र.

वाळक्या पानांवर पावलं. दमलेल्या माणसाची, ओढत टाकलेली.

दोघांनी वळून पाहिलं. रस्ता पांढरा, मोकळा. पावलंही थांबली.

"मोर असंल," इनायत म्हणाला. पिशवी उघडून त्याने हत्यारं काढली.

त्याने कार्बोरेटरची नळी सोडली. पेट्रोलचे चार थेंब पडले, मग कोरडी. टाकी तर अर्धी भरलेली. त्याने झाकण फिरवलं...

सूंऽऽ करून टाकीने हवा ओढली. नळीतून धार लागली.

"हिले श्वासच भेटत नाई भाऊ. झाकणाचं भोक बुजलं हाये."

त्याने सुई घातली. भोकातून निघाला टेंभुर्णीच्या पानाचा देठ. हिरवा. आताच खुडल्यासारखा, टोकाला ओल असलेला.

इनायत त्याच्याकडे पाहतच राहिला. काल त्यानेच ते भोक साफ केलं होतं. सकाळी निघतानाही पाहिलं होतं, मोकळं होतं.

चर्र...

आता जवळून.

भाऊंनी माळ मुठीत धरली. खाली बसले. मग त्यांनी जे कोणाला कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

पोचू निघाला त्या सकाळी मोहटोल्याची लस वडशाला येऊन पडली होती. भाऊंना पहाटेच निघायचं होतं. पण सप्ताहाचा शेवटचा दिवस, काल्याचं कीर्तन. बुवांचा आवाज असा लागला होता, की भाऊंना उठवेना. एवढं ऐकून निघतो, म्हणत दुपार झाली. ते मांडवात टाळ्या वाजवत होते, तेव्हा तिकडे पोचू त्यांच्याच वाटेला लागला होता. त्याचं लेकरूही वाचलं नाही.

इनायत उठला, टेंभुर्णीची एक डहाळी तोडली, भाऊंच्या हातात दिली. त्याच्या काळ्या तेलकट अंगठ्याचा ठसा वरच्या पानावर उमटला.

भाऊंनी डहाळी रस्त्याच्या कडेला ठेवली. हात जोडले.

"पोचू बापा, तवा मी कीर्तनात बसून होतो. माह्यं चुकलं. आता तुह्याच गावाले चाललो. जाऊ दे मले."

कुठूनसा एक किडा किर्र बोलला. मग सगळं रान बोलू लागलं.

पहिल्याच लाथेला गाडी सुरू झाली.

मोहटोल्यात थर्मास उघडला, तेव्हा सुपारीएवढा बर्फ शिल्लक होता. एकोणीस लेकरांना लस टोचली. एकोणीसही जगली.

परतताना ऊन कलतं होतं. अकराव्या मैलावर भाऊंनी पाहिलं, कडेला डहाळी नव्हती. गुरांनी खाल्ली असेल, असं दोघांनी ठरवलं.

सातव्या मैलावर मात्र गाडी थांबवली. भाऊ ढिगाजवळ गेले... आणि तिथेच खिळले.

सगळ्यात वर एक हिरवी डहाळी होती. टेंभुर्णीची.

वरच्या पानावर काळा, तेलकट अंगठा.

इनायतने आपला अंगठा त्यावर धरून पाहिला. मग पिशवी उचलली आणि गाडीकडे चालू लागला.

गाडी त्यानंतर कधी बंद पडली नाही. सातव्या मैलावर भाऊ कधी न थांबता गेले नाहीत.

कीर्तन त्यांनी सोडलं नाही. देवाने कुठे सोड म्हटलं होतं? पण काल्याच्या दिवशी ते मांडवाच्या अगदी कडेला बसत, वहाणा पायात ठेवून. बुवा श्वास घ्यायला थांबले, टाळ क्षणभर निजले, की भाऊ मान वळवून मागे पाहत.

मांडव सकाळीच झाडलेला असायचा. सडा टाकलेला. वाळकं पान एकही नाही...

तरी त्यांना ऐकू यायचं.

चर्र.